ताल्लिनहून: माझी फाईल कुणी उघडली?

‘तेरा लाखांचा देश, पुण्याच्या एका कोपऱ्यात मावेल, त्याचं कौतुक आम्हाला नको!’ एस्टोनियाबद्दल काही लिहिलं की घरच्या ग्रुपवर काकांचं हे उत्तर ठरलेलं. मग तो एक कोपरा तरी असा चालवून दाखवा, असं मी टाइप करतो आणि पुसतो. काका वडीलधारे पडले.

घरच्यांना कुतूहल फक्त मतदानाचं. 2005पासून इथे घरबसल्या मत देता येतं. 2023च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं इंटरनेटवरून आली. जेवणाच्या सुट्टीत आमच्या ऑफिसातल्या एकीने लॅपटॉपला ओळखपत्र जोडलं, दोन पिन टाकले, संपलं. “नवऱ्याने शेजारी बसून हवं तेच बटण दाबायला लावलं तर?” मी विचारलं. “तो झोपला की पुन्हा देईन.” ऑनलाइन मुदत संपेपर्यंत मत कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं तेवढं धरतात. केंद्रावर जाऊन कागदावर मत दिलं की ऑनलाइनचं बाद. आदल्या रात्री पाकिटं वाटणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींची यात केवढी पंचाईत!

भांडणं इथेही आहेत. 2023मध्ये एकरे या उजव्या पक्षाने ऑनलाइन मतांवर शंका घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथे टिकलं नाही. 2017मध्ये तर ओळखपत्रांच्या चिपमध्येच दोष निघाला, साडेसात लाखांच्या आसपास कार्डं अडचणीत आली. सरकारने स्वतःच ते जाहीर केलं, तेही स्थानिक निवडणुका तोंडावर असताना.

मला हेवा वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. सरकारी पोर्टलवर गेलं की माझी माहिती कुठल्या खात्याने कधी पाहिली, त्याची नोंद दिसते. विनाकारण पाहिली असेल तर जाब विचारता येतो. शिवाय सरकारकडे एकदा दिलेली माहिती दुसऱ्या खात्याने पुन्हा मागायची नाही, असा दंडकच आहे. झेरॉक्सच्या दुकानांना इथे काय धंदा असणार!

आणि आपण मागे आहोत म्हणावं, तर तसंही नाही. देशातलं पहिलं आधार 2010 साली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. सातबारा डिजिटल सहीने मोबाइलवर मिळतो. परवा माझा भाऊ पीककर्जासाठी असा उतारा घेऊन बँकेत गेला. शिक्क्याची गरज नाही, हे त्या कागदावरच छापलेलं. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “छान आहे. आता यावर तलाठ्याचा शिक्का आणा.” तलाठी म्हणाला, डिजिटलवर शिक्का मारायचा नसतो. दोन हेलपाट्यांनंतर भावाने उताऱ्याची झेरॉक्स काढली, खाली ‘खरी प्रत’ लिहून स्वतःचीच सही ठोकली आणि दिली.

चालली.