ब्रिटनच्या पेठेतला खाटीक
ब्रिटनमधील जुन्या वळणाच्या खाटकाकडे मांस बहुधा आसपासच्या शेतांवरचे असते. काही दुकानांत फळ्यावर शेताचे नावही लिहितात. गोमांस मात्र लगेच विकत नाहीत. थंड खोलीत ते हाडासकट साधारण २१ ते २८ दिवस टांगून ठेवतात. पाणी उडून वजन घटते, पण मांसातलीच विकरे तंतू सैल करतात आणि चव गडद होते. ही घट सोसणे हेच या धंद्याचे खरे वैशिष्ट्य. याउलट सुपरमार्केटे बहुतेक गोमांस निर्वात पिशव्यांत मुरवतात. खाटकाकडे मांस तासताना उरलेल्या तुकड्यांचे सॉसेज होते. त्यातल्या, इंग्लंडमधील कंबरलँडच्या लांब वेटोळ्या सॉसेजला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ‘मॅड काऊ’ रोगाच्या संकटानंतर, १९९६ पासून, प्रत्येक वासराला पासपोर्ट लागतो. त्यामुळे जनावर कोणत्या शेतावरचे, याचा माग कागदोपत्री काढता येतो.