मूत्राशय धुण्याचं काम

डुकराचं मूत्राशय आमच्या प्रयोगशाळेत येतं ते सकाळी लवकर, बर्फाच्या डब्यात. कत्तलखान्यात ते टाकूनच देतात, त्यामुळे मिळायची पंचाईत नसते. फक्त ‘‘ताई, ह्याचं करता तरी काय?’’ हा प्रश्न चुकत नाही. मी सांगते, धुतो. ते खोटंही नाही. पुढचे कितीतरी दिवस आम्ही ते धुतच असतो.

आधी बाहेरची चरबी बारीक कात्रीने सोडवून घ्यायची. मग तोंडात नळी बांधून आत द्रावण भरायचं आणि मूत्राशय फुगवायचं. नुसतं बुडवून ठेवलं तर जाड भिंतीच्या मधल्या थरापर्यंत काहीच पोहोचत नाही. ताण दिला की भिंत पातळ होते. पहिलं द्रावण जवळजवळ बिनक्षाराचं, त्यात पेशी पाणी ओढून फुटतात. त्यानंतर एसडीएस हे डिटर्जंट, म्हणजे टूथपेस्टला फेस आणतो तोच पदार्थ, पण जेमतेम ०.१ टक्का. मग डीएनए तोडणारं एन्झाइम. भांडं शेकरवर रात्रभर डुलत राहतं, सकाळी गढूळ पाणी ओतून नवं भरायचं. गुलाबी रंग आधी पिवळट होतो, मग पांढरा. पेशी निघून गेलेल्या असतात आणि कोलॅजन-इलास्टिनचा सांगाडा तेवढा उरतो.

पांढरं झालं म्हणजे झालं, असं मात्र नाही. एक मिलिग्रॅम कोरड्या सांगाड्यात ५० नॅनोग्रॅमहून कमी डीएनए उरला पाहिजे, अशी या क्षेत्रातली रूढ कसोटी आहे, आणि दिसायला शुभ्र असलेले तुकडेही तिथे नापास होतात. उलट डिटर्जंटचा अंश मागे राहिला तर नंतर पेरलेल्या पेशी मरतात. म्हणून धुणं संपलं की डिटर्जंट धुऊन काढायचं दुसरं धुणं सुरू.

हा सगळा उपद्व्याप ज्यांच्यासाठी चालतो, त्यांत स्पायना बायफिडा घेऊन जन्मलेली मुलं येतात. पाठीचा कणा नीट न मिटल्याने मूत्राशयाच्या नसा बिघडतात. मूत्राशय लहान आणि ताठर होतं, आतला दाब वाढतो आणि तो थेट मूत्रपिंडांवर येतो. औषधं आणि दिवसातून अनेकदा कॅथेटर घालून लघवी काढणं एवढ्यावर पुष्कळ मुलांचं भागतं. ही कॅथेटरची साधी पद्धत १९७२ मध्ये मिशिगनच्या जॅक लॅपिडीस यांनी रूढ केली आणि माझ्या मते या मुलांची मूत्रपिंडं जितकी तिने वाचवली तितकी आमच्यासारख्या प्रयोगशाळांनी अजून वाचवलेली नाहीत. त्यानेही भागलं नाही तर सर्जन लहान आतड्याचा तुकडा कापून, उभा चिरून, मूत्राशयाला ठिगळासारखा जोडतात. माणसावर हे पहिल्यांदा १८९९ मध्ये मिकुलिच यांनी केलं. जागा वाढते, दाब उतरतो. पण आतड्याला शोषून घ्यायची सवय आणि मूत्राशयाचं अस्तर तर काही शोषू न देण्यासाठीच घडलेलं. त्यामुळे रक्तात आम्लता वाढते, आतड्याचा चिकट स्राव साठतो, खडे होतात.

आतडं टाळायचं तर मूत्राशयाच्याच पेशी हव्यात. त्या वाढवताना दोन वेगवेगळे संसार सांभाळावे लागतात. आतल्या अस्तराच्या पेशींना सीरम नसलेलं माध्यम लागतं. त्या फ्लास्कच्या तळाला फरशीसारख्या एकमेकींना चिकटून पसरतात. स्नायुपेशींना सीरम लागतं आणि त्या लांबट, एकाच दिशेने वाहत गेल्यासारख्या वाढतात. दोन्ही इन्क्युबेटरमध्ये, ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये. हात चलाख असेल तर हे काम जमतं. प्रयोगशाळा बघायला आलेले लोक फ्लास्क बघून ‘‘म्हणजे झालंच की!’’ म्हणतात.

बोस्टनमध्ये अँथनी अटाला यांच्या गटाने हेच करून दाखवलं होतं. मुलाच्या मूत्राशयाचा छोटा तुकडा घेतला, पेशी वाढवल्या, मूत्राशयाच्या आकाराच्या सांगाड्यावर बाहेरून स्नायुपेशी आणि आतून अस्तराच्या पेशी पेरल्या, आणि सुमारे सात आठवड्यांनी ते त्याच मुलाला बसवलं. अशा सात रुग्णांचा अहवाल २००६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. सगळे ४ ते १९ वयाचे. ज्यांच्या सांगाड्यात कोलॅजनबरोबर विरघळणारं पॉलिमर होतं आणि ज्याला ओमेंटम, म्हणजे आतड्यांवर पसरलेला चरबीचा पदर, गुंडाळला होता, त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला: आकारमान १.५८ पट, लवचीकता २.७९ पट. बातम्यांत ‘प्रयोगशाळेत बनवलेला अवयव’ एवढंच गाजलं. लघवी काढायला कॅथेटर लागतच होता, हे मागे पडलं.

मग टेंजिऑन नावाच्या कंपनीने हीच पद्धत अकरा मुलांवर करून पाहायची ठरवली. त्याचे निकाल २०१४ मध्ये छापून आले. दोघांच्या पेशी नीट वाढल्याच नाहीत. त्यांतल्या एकाचा तुकडा पुन्हा घ्यावा लागला आणि दुसऱ्याने माघार घेतली. शस्त्रक्रिया झालेल्या दहा जणांत मूत्राशयाची क्षमता वाढली नाही, आणि चौघांना आतड्याचा अडथळा किंवा मूत्राशय फुटणं अशा गंभीर गोष्टींना तोंड द्यावं लागलं. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीचं दिवाळं निघालं.

हे निकाल मी नव्याने येणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात वाचायला देते. असं का होतं? पेशीला रक्तवाहिनी एक-दोनशे मायक्रॉनच्या आत लागते, आणि भिंत त्याच्या कितीतरी पट जाड. ओमेंटम गुंडाळायचा तो यासाठीच, पण त्यातून रक्तवाहिन्या आत शिरेपर्यंत मधल्या पेशी उपाशी मरतात आणि त्यांची जागा व्रणाची ताठर ऊती घेते. म्हणजे ज्या ताठरपणापासून सुटायचं होतं तोच परत. शिवाय भरणं आणि रिकामं होणं चालू राहिलं नाही तर नवी भिंत ताणायला शिकत नाही. ज्या मुलांचं मूत्राशय गळतच राहतं, त्यांच्यात ते भरणार कसं? आणि स्नायुपेशी मुळात घेतल्या त्या आजारी मूत्राशयातून. फ्लास्कमध्ये वाढवल्या तरी त्या निरोगी पेशींइतक्या आकुंचन पावत नाहीत.

म्हणूनच आता काही गट पेशी दुसरीकडून आणतात. शिकागोत अरुण शर्मा यांच्या गटाने रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वापरण्याच्या दिशेने बबून माकडांवर काम केलं आहे, आणि त्यांचा सांगाडा ताणला जाणाऱ्या कृत्रिम पॉलिमरचा आहे. आमचं काम त्यामानाने फार लहान. आम्ही धुतलेल्या सांगाड्याच्या पट्ट्या कापतो, त्यांवर पेशी पेरतो आणि यंत्रात अडकवून पुन्हा पुन्हा ताणतो-सोडतो, मूत्राशय भरावं-रिकामं व्हावं तसं. ताण दिलेल्या आणि न दिलेल्या पट्ट्यांत स्नायूची प्रथिनं किती, हे मोजायचं.

अधूनमधून एखाद्या पालकांचा ईमेल येतो. सर्जनने आतड्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे, तुमचं होईपर्यंत थांबावं का? आमचे सर स्वतः उत्तर लिहितात, आणि ते नेहमी एकच असतं: थांबू नका, आमच्याकडे अजून माणसाला बसवण्याजोगं काही नाही, आणि दाबाने गेलेलं मूत्रपिंड आम्हाला परत आणता येत नाही.