चालत्या प्रोग्रामची आवृत्ती

पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर आवृत्ती छापलेली असते. तेवढ्यावरून हातातील प्रत जुनी की नवी, हे वाचकास कळते. संगणकाच्या प्रोग्रामलाही आवृत्ती असते; मात्र तो पुस्तकाहून कितीतरी अधिक वेळा सुधारला जातो. एखाद्या कचेरीतून ‘हिशेब चुकतो’ अशी तक्रार आली, की तो प्रोग्राम करणाराचा पहिला प्रश्न असतो : तुमची आवृत्ती कोणती? उत्तर चुकले, तर पूर्वीच दुरुस्त झालेला दोष शोधण्यात दिवस वाया जातात.

उत्तर चुकते ते बहुधा असे. पडद्यावर दिसणारा आवृत्तीचा आकडा प्रोग्राम करणाराने हाताने लिहिलेला असतो. पुढे प्रोग्राम बदलतो, आकडा मात्र तसाच राहतो. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली, की केव्हातरी त्यांत अंतर पडणारच.

यावर उपाय म्हणजे प्रोग्रामलाच त्याची आवृत्ती विचारणे. मायक्रोसॉफ्टने २००२ साली प्रसृत केलेल्या डॉट नेट व्यवस्थेत ही सोय पहिल्यापासून आहे. तेथे प्रोग्रामच्या तयार घटकास ‘असेंब्ली’ म्हणतात. तिचे नाव, तिची आवृत्ती आणि तिला लागणाऱ्या इतर घटकांची यादी तिच्यातच नोंदलेली असते. चालू असताना प्रोग्रामने आपलीच ही नोंद वाचणे, याला ‘रिफ्लेक्शन’, म्हणजे आरशात पाहणे, असे अन्वर्थक नाव आहे. उत्तर चार आकड्यांत मिळते, उदाहरणार्थ, २.३.१५.०. यांत पहिला आकडा मोठ्या बदलाचा, दुसरा लहान बदलाचा, तिसरा बांधणीचा आणि चौथा फेरदुरुस्तीचा.

मात्र दोन गोष्टींचे भान हवे. पहिली, प्रश्न कोणास विचारला? आवृत्ती विचारणारी ओळ सामायिक लायब्ररीत असेल आणि तिने ‘चालू’ असेंब्ली मागितली, तर उत्तर त्या लायब्ररीचे येते. मुख्य प्रोग्रामचे उत्तर हवे असल्यास ‘प्रवेशा’ची असेंब्ली मागावी लागते. दुसरी, आवृत्ती तीन प्रकारे नोंदता येते : असेंब्लीची, फाइलीची आणि माहितीपर. पहिलीवरून घटक एकमेकांशी जोडले जातात. म्हणून किरकोळ दुरुस्तीच्या वेळी पुष्कळजण ती मुद्दाम बदलत नाहीत आणि केवळ फाइलीची आवृत्ती वाढवितात. अशा वेळी पहिली विचारली, तर जुना व दुरुस्त प्रोग्राम एकच उत्तर देतात.

आणि शेवटी, आरसा असेल तेच दाखवितो. नव्या बांधणीच्या वेळी नोंदच बदलली नसेल, तर रिफ्लेक्शनही जुनाच आकडा सांगेल.