रुसैलमधला रहाट

मस्कतच्या बंदरात येणारा व्यापारी माल 2014 साली सोहारला हलवला गेला. तेव्हापासून कंटेनर सुमारे 200 किलोमीटर रस्त्याने राजधानीकडे येतात. संपादकांना त्यावर लेख हवा होता. मी मात्र रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत, सुट्या भागांच्या एका गोदामात, एका कपाटापाशीच अडकलो.

कपाट दुमजली घराएवढं उंच, चारी बाजूंनी पत्रा, कमरेच्या उंचीवर एक खिडकी. आत दोन्ही अंगांना जाड साखळ्या, वरखाली दातेरी चाकं आणि साखळ्यांना पाळण्यासारखे टांगलेले कप्पे. भागाचा नंबर दाबला की माळ फिरू लागते, तीही जवळच्या बाजूने, आणि हवा तो कप्पा खिडकीत येऊन थांबतो. खिडकीत हात गेला की प्रकाशकिरणांचा पडदा तुटतो आणि यंत्र जागीच थबकतं. साध्या गोदामात माल वेचणाऱ्याचा निम्माअधिक वेळ चालण्यातच जातो. इथे माणूस उभा, माल चालतो.

जर्मन लोक याला 'पॅटरनोस्टर' म्हणतात. मूळ अर्थ जपमाळेशी जोडलेला. स्टोअर सांभाळणारे गुहागरकडचे भाऊ पहिल्या दिवसापासून त्याला रहाट म्हणतात. "आमच्या आगरातल्या विहिरीवर होता. लोटे बांधलेल्या दोरालाही माळच म्हणायचे." ओमानच्या बातिना किनाऱ्यावर पंप येण्याआधी बैल उतारावरून चालत पाणी ओढायचे, हे मी सांगू लागलो, तर त्यांनी मधेच थांबवलं. "ती मोट. रहाट निराळा."

निराळेपण त्यांच्या हाडात होतं. रहाटाचे भरलेले लोटे एकाच बाजूला असतात. बैल थांबला की माळ उलटी धावू बघते, म्हणून अटकाव लागतो. कपाटाचंही तेच. एका अंगाला वजन साचलं की मोटरवर ताण येतो. भाग कुठे आहे ते या यंत्राला ठाऊक असतं, तो किती जड ते नसतं. ते भाऊंना ठाऊक असतं. बेअरिंगचे खोके ते समोरासमोरच्या कप्प्यांत वाटतात, गॅस्केटं कुठेही ठेवतात. त्यांचा हात खोका उचलतानाच तोलून घेतो, हे बघताना माझी नजर हलेना.

एकदा ते सुट्टीवर असताना कोणीतरी ब्रेकच्या सगळ्या तबकड्या ओळीने लागोपाठच्या कप्प्यांत भरल्या. एका जातीचा माल एका जागी, शिस्त म्हणून. मोटर बंद पडली, आणि तिच्याबरोबर आतले शेकडो भाग अडकले. दोघांनी हँडल मारून एकेक कप्पा खाली आणला.

बाकी अडचणीही कमी नाहीत. बारीक वाळू साखळीच्या तेलात कालवली की दळणच सुरू होतं. खिडकी एकच, त्यामुळे सकाळी रांग लागते. जून ते ऑगस्ट दुपारी 12:30 ते 3:30 उघड्यावरचं काम कायद्याने बंद; मग संध्याकाळी ट्रक एकदम भरायचे असतात आणि रांग दुप्पट होते.

मला खरी काळजी भाऊंच्या वहीची वाटते. कप्प्यागणिक वजनं त्यात आहेत, सगळी मराठीत. ओमानी नागरिकांना नोकऱ्या देण्याचं धोरण 1988 पासूनचं आहे आणि ते रास्तच आहे. भाऊंच्या हाताखाली आता एक तरुण ओमानी मुलगा शिकतो आहे. मुलगा चलाख आहे. त्याला ती वही वाचता येत नाही. म्हणून भाऊंनी प्रत्येक कप्प्याच्या कडेला अरबी आकड्यांत किलो लिहायला घेतले आहेत. मी निघालो तेव्हा ते सतराव्या कप्प्यावर होते, आणि मुलगा त्यांचा चार सुधारून देत होता.