विश्लेषण : घराची खिडकी बदलायला महापालिकेची परवानगी लागते का?

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या जुन्या इमारतींत खिडक्यांचे काम हमखास निघते. लाकडी चौकट फुगलेली असते, झडप नीट बसत नाही, खालची पट्टी कुजलेली असते आणि पहिल्याच जोरदार सरीत खिडकीखालचा पलंग भिजतो. मग ॲल्युमिनियमवाला येतो, टेप लावतो, दर सांगतो आणि जाता जाता सुचवतो, ‘थोडी बाहेर काढू या, खाली छज्जा आहेच. खोली मोठी दिसेल.’ घरातले सगळे खूश होतात. पण कायद्याच्या नजरेत नेमक्या याच सूचनेपाशी दुरुस्ती संपते आणि बांधकाम सुरू होते. काही महिन्यांनी वॉर्ड कार्यालयाची नोटीस दारावर चिकटते, तेव्हा ॲल्युमिनियमवाला फोन उचलत नाही.

कायदा काय सांगतो?

बृहन्मुंबईत यासाठी दोन कायदे पाहावे लागतात. पहिला, मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८. त्याच्या कलम ३४२ नुसार इमारतीत भर घालायची, फेरफार करायचा किंवा दुरुस्ती करायची तर आयुक्तांना आधी सूचना द्यावी लागते. त्यातून ‘टेनंटेबल रिपेअर्स’, म्हणजे घर राहण्याजोगे ठेवण्यापुरती दुरुस्ती, वगळलेली आहे. ती कोणती, हेही कलमाने सांगितले आहे : गिलावा, रंगकाम, फरशी बदलणे, संडास-बाथरूमची दुरुस्ती, नळ आणि सांडपाण्याचे पाइप, विजेची जोडणी, त्याच सामानाने छप्पर बदलणे वगैरे. गंमत अशी की, या यादीत खिडकीचा स्वतंत्र उल्लेख नाही. मात्र दुरुस्तीत काय बसत नाही, हे स्पष्ट आहे. बांधकामाची आडवी किंवा उभी मापे बदलली, भार पेलणाऱ्या भिंतीचा भाग काढला किंवा बदलला, तर ती दुरुस्ती राहत नाही.

दुसरा कायदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. हा साऱ्या राज्याला लागू आहे. त्याच्या कलम ४३ मध्ये सामान्य घरमालकाच्या उपयोगाची एक सवलत आहे. केवळ इमारतीच्या आतल्या भागापुरते असलेले किंवा इमारतीच्या बाह्य स्वरूपात लक्षणीय फरक न पाडणारे देखभाल-सुधारणेचे काम असेल, तर विकास परवानगीची गरज नाही.

खिडकीची अडचण इथेच आहे. ती घराच्या आतही असते आणि इमारतीच्या तोंडावरही. त्यामुळे ‘माझ्या घरातली खिडकी, मी हवी तशी बदलीन’ हे म्हणणे अर्धेच खरे. दोन्ही कायदे एकत्र वाचले की सोपी कसोटी हाती येते. भिंतीतले भोक तेवढेच, जागा तीच, बाहेरची रेषा तीच आणि बाहेरून दिसणारे रूपही साधारण तेच, असे असेल तर चौकट, झडपा आणि काचा बदलणे ही दुरुस्ती. यातले एक जरी बदलले तरी आधी विचारणे आले.

मग परवानगी नेमकी कधी?

खिडकी रुंद करायची असेल, तिचा उंबरा खाली घेऊन दरवाजा करायचा असेल, कोऱ्या भिंतीत नवी खिडकी पाडायची असेल किंवा असलेली खिडकी विटांनी बुजवायची असेल, तर परवानगी लागते. जुन्या भार-भिंतींच्या इमारतींत हा प्रश्न कागदाचा नसतो, जिवाचा असतो. खिडकीच्या वरची आडवी तुळई, म्हणजे लिंटेल, वरच्या भिंतीचा भार दोन्ही बाजूंच्या भिंतीवर टाकते. रुंदी वाढवायला बाजूची भिंत फोडली, तर लिंटेलचा टेकाच कमी होतो. ब्रेकर लावून दोन तासांत होणाऱ्या या कामाचा परिणाम वरच्या मजल्यावरच्या भिंतीत तडा म्हणून दिसतो आणि तोही लगेच दिसेल असे नाही. म्हणून अशा कामाला संरचना अभियंत्याचे लेखी मत घ्यावे. खर्च वाचवण्याची ही जागा नव्हे.

मुंबईत सर्वाधिक भानगडी होतात त्या मात्र खिडकी बाहेर ढकलण्यावरून. छज्जा ऊन-पाऊस अडवण्यासाठी असतो, माणसे, कपाटे आणि कुंड्या पेलण्यासाठी नव्हे. शिवाय प्रश्न एफएसआयचा, म्हणजे भूखंडावर किती बांधायचे याच्या मर्यादेचा. २०१२ पूर्वी मंजूर झालेल्या अनेक इमारतींत फ्लॉवर बेडसारख्या जागा एफएसआयच्या मोजणीबाहेर होत्या. जानेवारी २०१२ च्या बदलानंतर बाल्कनी, फ्लॉवर बेड वगैरे मोजणीत आले आणि त्या बदल्यात ३५ टक्क्यांपर्यंत ‘फंजिबल’ एफएसआय देण्यात आला. म्हणजे जुन्या इमारतीत फ्लॉवर बेड खोलीत घेऊन खिडकी कडेला नेली, तर मंजूर नकाशात नसलेले क्षेत्रफळ तुम्ही वापरात आणलेले असते. ते वाढीव क्षेत्र पुनर्विकासाच्या वेळी आपले म्हणून मोजून मिळेल, अशी आशा अनेक जण बाळगतात. तिथे आधार धरला जातो तो अधिकृत क्षेत्राचा. घर विकताना बँकेचा मूल्यांकनकारही मंजूर नकाशाच घेऊन येतो.

सोसायटीचे काय?

महापालिकेची परवानगी नको म्हणून सोसायटीचीही नको, असे होत नाही. आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरफार किंवा वाढ करायची तर व्यवस्थापक समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते. सेक्रेटरींनी जिन्यात ‘करा, काही हरकत नाही’ म्हटले, याला परवानगी म्हणत नाहीत. अर्जासोबत खिडकीचे माप, बाहेरून काढलेला फोटो, नव्या चौकटीचा रंग आणि कामाचे दिवस लिहून द्यावेत. एकाच इमारतीत कुणाची पांढरी, कुणाची तपकिरी आणि कुणाची चंदेरी चौकट हे दृश्य सर्वत्र दिसते. समितीने एकदाच सर्वसाधारण सभेत रंग आणि नमुना ठरवून टाकला तर निम्मे वाद मिटतील.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पावसाच्या पाण्याची गळती ही आदर्श उपविधींनुसार सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायच्या कामांत मोडते. खिडकीतून येणारे पाणी पुष्कळदा खिडकीतून येतच नसते. ते बाहेरच्या गिलाव्याच्या तड्यातून किंवा वरच्या छज्ज्याच्या सांध्यातून झिरपते आणि चौकटीच्या कोपऱ्यात बाहेर पडते. अशा वेळी नवी कोरी खिडकी बसवूनही पुढच्या जूनमध्ये पलंग भिजतोच. आधी पाण्याची वाट शोधा.

भाड्याचे किंवा पागडीचे घर असेल तर?

गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या हजारो घरांना हा प्रश्न आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर चांगल्या, राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना ३०० रुपये भाडे असेल तर वर्षाचे झाले ३,६०० आणि वळते करता येतील ९०० रुपये. आजच्या भावात एवढ्यात एका झडपेचेही काम होत नाही. त्यामुळे या तरतुदीचा पैशासाठी फारसा उपयोग नाही. पण नोटीस दिल्याचा कागद पुढे कामाला येतो.

खरी भीती असते ती घर खाली करण्याच्या दाव्याची. मालकाच्या लेखी संमतीविना कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर कलम १६ नुसार ते ताबा मागण्याचे कारण ठरू शकते. मात्र लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दरवाजा, जाळीकाम, हवा खेळण्यासाठी आवश्यक असलेली खिडकी, एसी अशी कामे गरज असेल तिथे महापालिकेच्या परवानगीने केली, तर ती या ‘कायम बांधकामा’त धरली जात नाहीत, असा खुलासा त्याच कलमात आहे. म्हणजे इथे पालिकेचा कागद ही भाडेकरूची ढालच. पागडीच्या घरात राहणाऱ्याने तरी तोंडी व्यवहारावर विसंबू नये.

वारसा इमारतींना वेगळा नियम आहे का?

आहे. इमारत वारसा यादीत किंवा वारसा परिसरात असेल तर ‘भोक तेवढेच’ ही कसोटी पुरत नाही. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ नुसार अशा इमारतींतील कामांना आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि त्यांना सल्ला देण्यासाठी मुंबई वारसा जतन समिती आहे. श्रेणी १ मध्ये बदलांना जवळपास वाव नाही. श्रेणी २ मध्ये आतले बदल काही प्रमाणात चालतात, बाहेरचे तपासले जातात. श्रेणी ३ मध्ये नियम त्याहून सैल आहेत.

ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये, व्हिक्टोरियन इमारतींसह, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यांच्या दर्शनी भागाची ओळखच खिडक्यांच्या ओळींत आणि त्यांच्यावरून भुवईसारख्या धावणाऱ्या छज्ज्यांत आहे. तिथे एका मजल्यावर निळसर काचेची स्लायडिंग बसली की ओळीत दात पडल्यासारखे दिसते. गिरगावातल्या खोताच्या वाडीतल्या लाकडी खिडक्यांचेही तेच. लाकूड परवडत नाही ही रहिवाशांची तक्रार खोटी नाही. जपा म्हणणाऱ्यांनी खर्चाचेही बोलायला हवे.

परवानगी कुठे मागायची? आणि न मागता केले तर?

किरकोळ फेरफार आणि दुरुस्तीसाठी आपल्या विभाग कार्यालयातील इमारत व कारखाने विभाग. मंजूर नकाशाच बदलत असेल तर परवानाधारक वास्तुविशारद किंवा लायसन्स सर्व्हेअरमार्फत इमारत प्रस्ताव विभाग. सोबत मंजूर नकाशाची प्रत, सोसायटीचे ना हरकत पत्र, आधीचे फोटो आणि प्रस्तावित कामाचा मापांसह आराखडा लागतो. नगररचना कायद्याखालील अर्जावर ६० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो.

जशीच्या तशी खिडकी बदलणाऱ्यानेही वॉर्डात एक साधे कळवणीपत्र देऊन त्याची पोच घ्यावी, असे आम्ही सुचवू. नोटिसा बहुतेक वेळा गस्तीतून नव्हे, शेजाऱ्याच्या तक्रारीतून निघतात. तक्रार आली की अधिकारी येतो, तेव्हा ‘आधी’चा तारखेचा फोटो आणि पोच हातात असेल तर विषय तिथेच संपतो.

विनापरवाना काम सुरू असेल तर कलम ३५४-अ खाली काम थांबवण्याची नोटीस येते आणि परवानगी दाखवायला २४ तास मिळतात. काम झालेले असेल तर कलम ३५१ खाली ते का पाडू नये, याचे उत्तर द्यावे लागते. नगररचना कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. खिडकीसाठी कुणी तुरुंगात जाईल असे नव्हे, पण पाडकामाचा आणि पुन्हा भिंत बांधण्याचा खर्च मात्र खिशातूनच जातो.

मुंबईबाहेर पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत डिसेंबर २०२० पासूनची एकीकृत नियमावली लागू आहे. कलम ४३ ची सवलत तिथेही तीच.

नियम सोडून आणखी काय पाहावे?

हवा. जुनी झडपांची खिडकी सताड उघडते. दोन काचांची स्लायडिंग कधीच निम्म्याहून जास्त उघडत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता दमट-उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतकी उघडी जागा सुचवते. १० बाय १२ फुटांच्या खोलीला २० चौरस फूट, म्हणजे पाच बाय चार फुटांची खिडकी. तिला दोन काचांची स्लायडिंग लावली की प्रत्यक्ष वाऱ्याला मिळतात १० चौरस फूट. त्यात जुनी चौकट न काढता तिच्या आतच नवी बसवली, तर आणखी कमी. मे महिन्यात घर तापते त्याचे हे एक कारण. तीन पट्ट्यांची स्लायडिंग घेतली तर दोन तृतीयांश भाग उघडतो. झडपांची ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी खिडकीही मिळते, थोडी महाग पडते इतकेच.

पावसासाठी खालच्या पट्टीत पाणी निचऱ्याची भोके आहेत का, खालच्या कडप्प्याचा उतार बाहेरच्या बाजूला आहे का आणि चौकट व भिंत यांच्यातल्या फटीत सिलिकॉन नीट भरले आहे का, हे पैसे चुकते करण्याआधी बादलीभर पाणी मारून पाहावे.

आणि ग्रिल. बाहेर आलेली पिंजऱ्यासारखी ग्रिल हा वाढीव बांधकामाचा प्रश्न आहेच, पण आग लागते तेव्हा तीच अग्निशमन जवानांची वाट अडवते. जिना धुराने भरला की खिडकी हीच बाहेर पडायची जागा उरते. निदान एका खिडकीच्या ग्रिलला माणूस निघेल एवढे उघडणारे दार हवे आणि त्याच्या कुलपाची किल्ली त्याच खोलीत, घरातल्या सर्वांना माहीत असलेल्या खुंटीवर हवी. वयस्कर आई-वडील घरी एकटे असतात त्या घरात तर त्यांच्याकडून ते एकदा उघडून पाहावे.

उरले राडारोड्याचे. तो फुटपाथवर किंवा नाल्यात टाकला तर दंड होतो. महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, तिच्याकडे नोंदणी करता येते. कंत्राटदाराच्या दरात राडारोडा उचलणे धरले आहे का, हे आधीच लिहून घ्यावे. जुनी सागवानी चौकट मात्र त्या ढिगात जाऊ देऊ नये. ‘कुजके लाकूड, फुकटात घेऊन जातो’ म्हणणारा भंगारवाला ते कशासाठी नेतो, हे त्याला पक्के ठाऊक असते.