इंग्रजीच्या तासाचा स्वाध्याय

पाठ्यपुस्तकात धड्याअखेरीस येणाऱ्या प्रश्नावलीस ‘स्वाध्याय’ म्हणण्याची आपल्याकडे रूढी आहे. श्रावकाच्या कानाला मात्र या शब्दाचा अर्थ फार मोठा वाटतो. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाची गणना अंतरंग तपात केली असून त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. ग्रंथ वाचणे ही वाचना, शंका विचारणे ही पृच्छना, वाचलेल्याचे मनात पुनःपुन्हा चिंतन ही अनुप्रेक्षा, शुद्ध पाठांतर हा आम्नाय आणि जाणलेले दुसऱ्यास सांगणे हा धर्मोपदेश. सहावी ते आठवीच्या इंग्रजीच्या वर्गात या पाचांपैकी बहुधा चौथाच तेवढा टिकून आहे.

व्यापारी घराण्यांनी मुलांना इंग्रजी माध्यमात घातले ते पूर्ण विचारांती. परगावच्या पेढ्या, निर्यात, उच्च शिक्षण यांची वाट त्या भाषेतून जाते. मुले गुणही भरपूर मिळवतात. परंतु आठवीतल्या त्याच मुलास ‘माल कमी आला, उरलेला केव्हा पाठवता?’ एवढे चार ओळींत इंग्रजीत लिहावयास सांगितले, तर त्याची लेखणी अडते. कारण या प्रश्नाचे उत्तर गाईडात नसते. याहून खोल हानी निराळीच आहे. ‘माझी आजी’ या निबंधात तो जी आजी रंगवतो ती गोष्टी सांगणारी, लाडू देणारी, कोणाचीही आजी असते. सूर्यास्तापूर्वी पाने मांडण्याची घाई करणारी, एकासन करूनही नातवाच्या डब्याची काळजी वाहणारी त्याची खरी आजी त्या वहीत कधी येत नाही. बारा-तेरा वर्षांच्या वयात मन स्वतःशी बोलू लागते. नेमक्या त्याच वेळी लिहिणे म्हणजे दुसऱ्याची वाक्ये उतरवणे, हा समज पक्का झाला तर तो पुढे सहसा सुटत नाही.

अमेरिकेच्या मेन राज्यातील शिक्षिका नॅन्सी ॲटवेल यांनी या वयाच्या मुलांना इंग्रजी साहित्य व लेखन शिकवण्यात आपले आयुष्य वेचले. प्रारंभी त्याही मोठ्या मेजामागे बसून विषय नेमून देत आणि वह्या तपासत. पुढे त्या मेजामागून उठल्या व मुलांमध्ये जाऊन बसू लागल्या. घरी जेवणाच्या टेबलाभोवती पुस्तकांवर ज्या मोकळ्या गप्पा रंगत, तशाच वर्गात व्हाव्यात, ही त्यांची ओढ होती. मुले पुस्तक स्वतः निवडत, त्याविषयी बाईंना पत्र लिहीत आणि बाई उत्तर धाडत. लेखनाचा विषयही मुलांचाच असे. तासाच्या आरंभी काही मिनिटांचा छोटा पाठ होई, उरलेला वेळ खुद्द वाचण्या-लिहिण्याचा. हा अनुभव त्यांनी 1987 साली ‘इन द मिडल’ या ग्रंथात मांडला. 1990 मध्ये एजकोम्ब येथे त्यांनी स्वतःची शाळा काढली. तेथील मुले वर्षाकाठी सरासरी चाळीसच्या आसपास पुस्तके वाचत. 2015 साली पहिल्या जागतिक शिक्षक पुरस्काराचे दहा लक्ष डॉलर त्यांना लाभले आणि ती सारी रक्कम त्यांनी शाळेलाच देऊन टाकली. अपरिग्रह या शब्दाशी त्यांचा परिचय असेल-नसेल, कृती मात्र ओळखीची वाटते.

ती शाळा लहान, आपले वर्ग भरगच्च. शिवाय परीक्षेचा धाक निराळा. साठ मुलांना पत्रोत्तरे लिहिणे एका शिक्षकाच्या आवाक्यातले नाही, आणि तशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. तरीही तासाची पहिली दहा मिनिटे आवडीच्या पुस्तकास देता येतात. निबंधाचा कच्चा खर्डा एकदा परत करून, सगळ्या चुकांना लाल शाई न लावता, ‘येथे काय घडले ते आणखी सांग’ एवढेच समासात लिहिता येते. दुसऱ्या खर्ड्याचे महत्त्व व्यापाऱ्याच्या मुलास समजावून सांगण्याची गरजच नसावी. कच्च्या वहीवरून पक्की वही लिहिताना हिशेबातली चूक उघडी पडते, हे तो दुकानात रोज पाहतो.

घराकडेही या कामाचा वाटा येतो. दरवर्षी संवत्सरी झाली की क्षमापनेचे संदेश शेकड्यांनी जातात. त्यांतील मजकूर छापील असतो आणि पाठवणाऱ्याचे नाव तेवढे बदलते. सातवीतल्या मुलीने यंदा परदेशी असलेल्या चुलतभावास, मराठी न वाचणाऱ्या त्या मुलास, इंग्रजीत स्वतःचे क्षमापनापत्र लिहावे. गेल्या सुट्टीत कशावरून भांडण झाले, कोण काय बोलले आणि नंतर मनास काय लागून राहिले, हे त्या पत्रात यावे. व्याकरण चुकेल, चुको. वडिलांनी ते तपासू नये, फक्त पाकिटावर तिकीट लावून द्यावे.