फुजी: आधी धाक, मग भक्ती

कॅलेंडरवरचा फुजी इतका शांत दिसतो की त्याच्याबद्दलचे निम्मे गैरसमज त्या शांतपणातूनच निघाले असावेत. ३,७७६ मीटर उंचीचा, माथ्यावर बर्फ मिरवणारा हा डोंगर विझलेला आहे, असं पुष्कळांना वाटतं. तो विझलेला नाही. गेल्या दहा हजार वर्षांत ज्याचा उद्रेक झाला, तो ज्वालामुखी जपानमध्ये जागृतच धरतात, आणि फुजीचा शेवटचा उद्रेक तर डिसेंबर १७०७ मधला. मोठ्या भूकंपानंतर ४९ दिवसांनी तो भडकला, तोही माथ्यातून नव्हे, आग्नेय कुशीतून. लाव्हा वाहिला नाही. राख मात्र सुमारे १०० किलोमीटरवरच्या एदोवर, म्हणजे आजच्या टोकियोवर, पडली आणि तिथे भरदिवसा दिवे लावावे लागले. त्या कुशीतलं विवर आजही स्पष्ट दिसतं. तेव्हा तो प्रसिद्ध रेखीव आकार रेखीव वाटणं हे आपण कुठून पाहतो त्यावर आहे.

दुसरा समज जास्त गोड आहे: डोंगर सुंदर, म्हणून पवित्र. माझ्या मते इथे क्रम उलटा लागतो. ८६४ मध्ये सुरू झालेल्या उद्रेकात लाव्हा एका मोठ्या सरोवरात शिरला आणि त्याचे तुकडे झाले. साइको आणि शोजिको ही आजची तळी त्यातलीच. आओकिगाहाराचं घनदाट जंगल त्याच लाव्हावर उभं आहे. राजदरबाराने याचं कारण काय काढलं? सुरुगा प्रांतातल्या पुजाऱ्यांनी पूजेत हयगय केली! मग पलीकडच्या काई प्रांतातही देवस्थान उभारून डोंगराच्या देवतेची मनधरणी झाली. त्या काळी लोक या देवतेला दुरूनच हात जोडत. माथ्यावर जाण्याची प्रथा तपस्व्यांनी पाडली. बाराव्या शतकात मात्सुदाई नावाच्या साधूने शिखरावर मंदिर बांधलं, तेही बौद्ध.

म्हणून ‘फुजी अनादिकाळापासून कोनोहानासाकुया देवीचा’ हे विधानही जपून करावं. जळत्या झोपडीत सुखरूप प्रसूत झालेली ही देवी आगीच्या डोंगराला शोभते खरी, पण तिचं नाव फुजीशी पक्कं जोडलं गेलं ते एदो काळात. त्याआधी तिथे महावैरोचन बुद्धाचीही उपासना होती. १८६८ नंतर नव्या सरकारने शिंतो आणि बौद्ध वेगळे केले, तेव्हा शिखरावरच्या बुद्धमूर्ती हटवण्यात आल्या.

हा डोंगर फक्त साधूंचा आणि उच्चभ्रूंचा होता, असं समजायचं कारण नाही. एदोतल्या दुकानदार-कारागिरांनी ‘फुजी-को’ नावाची मंडळं काढली होती. भिशीसारखे पैसे जमवायचे, चिठ्ठ्या टाकायच्या आणि नाव निघेल त्यांनी सगळ्यांच्या वतीने शिखर गाठायचं. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी शहरातच फुजीचा दगड आणून छोट्या टेकड्या रचल्या गेल्या. काही टोकियोत अजून आहेत. तिथे म्हातारी माणसं चढत, बायका चढत. खऱ्या शिखरावर बायकांना १८७२ पर्यंत बंदी होती. तरी १८३२ मध्ये ताकायामा तात्सु पुरुषी वेश करून, पुरुष सोबत्यांबरोबर वर पोचलीच.

मालकीचं म्हणाल, तर चढणीच्या आठव्या टप्प्याच्या वरचा बहुतेक माथा सरकारी नाही. तो फुजिसान होंगू सेंगेन या देवस्थानाचा. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच तसा निकाल दिला; जमिनीचे कागद मात्र २००४ मध्ये हातात आले. सरकारी दिरंगाईत जपानही मागे नाही म्हणायचा.

राहिला जागतिक वारसा. फुजी युनेस्कोच्या यादीत निसर्गस्थळ म्हणून असणार, असं आपण गृहीत धरतो. पण २०१३ मध्ये त्याची नोंद झाली ती सांस्कृतिक वारसा म्हणून, श्रद्धास्थान आणि कलेचं प्रेरणास्थान या नात्याने. त्यात देवळं, तळी, यात्रेकरूंच्या मुक्कामाची जुनी घरं अशी २५ ठिकाणं आहेत. मिहो इथलं समुद्रकाठचं पाइनचं बन डोंगरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर; ते वगळा, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. समितीने ते ठेवलं, कारण चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या या किनाऱ्यावरूनही फुजी रंगवला.